बुचांपासून स्टूल आणि भिंतीवरची फळी: कामाच्या नोंदी

८ जानेवारी

काम ठरलं. एक बसायचं स्टूल आणि भिंतीवरची एक फळी, दोन्ही फक्त एचडीपीईची (हाय-डेन्सिटी पॉलिइथिलीन, बाटल्यांच्या बुचांत सापडणारं प्लॅस्टिक). अट एकच, पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर घासून घ्यायचा: ही वस्तू उद्या मोडली तर तिचे तुकडे पुन्हा त्याच साच्यात वितळले पाहिजेत. म्हणजे गोंद नाही, रंग नाही, वरून चिकटवलेलं लॅमिनेट नाही, दुसरं प्लॅस्टिक नाही. जुन्या प्लॅस्टिकचं फर्निचर आता बरंच दिसतं, पण त्यातल्या पुष्कळशा मालात लाकडाचा भुसा, राळ किंवा काचेचे तंतू मिसळलेले असतात. एकदा कचऱ्यातून वाचवलेलं प्लॅस्टिक असं अडकलं की पुढच्या खेपेला त्याला वाट उरत नाही. ते मला नको आहे.

एचडीपीई निवडायचं कारण साधं आहे. ते १३० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, १८० ते २०० अंशांत नीट दाबता येतं आणि ओलावा शोषत नाही. पीईटीच्या बाटल्या कितीही मिळाल्या तरी त्यांना २५० अंशांच्या वर न्यावं लागतं आणि आधी पूर्ण सुकवावं लागतं. ओलं पीईटी तापवलं की त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते ठिसूळ होतं. पीव्हीसीला तर हातच लावायचा नाही. ते तापवलं की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, तो फुप्फुसांना आणि साच्याच्या लोखंडाला दोघांनाही खातो. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं काळं प्लॅस्टिकही बाजूला ठेवलं, कारण त्यात ब्रोमीनयुक्त अग्निरोधक असू शकतात आणि बसायच्या वस्तूत ते नकोत.

१२ जानेवारी

निवड. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि इथे वाचवलेला वेळ पुढे दामदुपटीने फेडावा लागतो.

प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोणातला आकडा १९८८ पासून वापरात आहे. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रोपिलीन). बाटल्यांच्या तळाला तो सापडतो, बुचांवर बहुतेक वेळा नसतोच. बुचं दोन्ही प्रकारची असतात आणि हाताला जवळजवळ सारखीच लागतात. पाण्यात टाकून उपयोग नाही, कारण दोन्ही तरंगतात: पाण्याची घनता १ धरली तर एचडीपीईची ०.९४ ते ०.९७, पीपीची ०.९० ते ०.९१. पाण्याने फक्त पीईटी, पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन तळाला जातात, म्हणून पहिली चाळणी पाण्याची ठेवली.

दुसरी चाळणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची. बरणीत पाणी घ्यायचं, त्यात खात्रीचा एक एचडीपीईचा आणि एक पीपीचा तुकडा सोडायचा आणि थोडं थोडं अल्कोहोल घालून ढवळत राहायचं. मिश्रण हलकं होत जातं आणि एका टप्प्यावर एचडीपीईचा तुकडा तळाला जातो, पीपीचा वर राहतो. तिथे थांबायचं. आता प्रत्येक जातीच्या बुचाचा नखाएवढा तुकडा कापून त्यात टाकायचा. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसायचे, नाहीतर जड तुकडाही वर राहतो. बरणीचं झाकण लावून ठेवायचं, आगीपासून लांब.

सगळी बुचं अशी तपासायची गरज नाही. एकाच आकाराची, एकाच छापाची बुचं एकत्र लावली आणि प्रत्येक गटातून काही तपासली. ज्यांचा निर्णय लागेना ती बाजूला काढली.

काही बुचांच्या आत मऊ चकती असते. ती वेगळ्या पदार्थाची असते आणि तिच्या मागे पाणीही अडकतं. प्रत्येक चकती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उपटून काढली. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नये.

१९ जानेवारी

धुणं आणि चुरा करणं. बुचं नुसत्या साबणाच्या पाण्याने स्वच्छ होतात. शाम्पू आणि डिटर्जंटच्या बाटल्यांचा वास मात्र जात नाही. सुगंधी द्रव्यं एचडीपीईच्या आत मुरतात. उभ्या चिरलेल्या बाटल्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवल्या, मग आठवडाभर वाऱ्यावर पसरल्या. वास कमी झाला, गेला नाही. बंद खोलीत ठेवायच्या वस्तूला हा वास चालणार नाही, म्हणून ठरवलं: बसायचा आणि दिसायचा भाग बुचांचा, बाटल्यांचा माल कमी प्रमाणात आणि शक्यतो आतल्या बाजूला.

श्रेडरवर ८ मिलिमीटरच्या जाळीतून चुरा काढला. रंग वेगवेगळ्या पिशव्यांत. हे आत्ताच करा; एकत्र झालेले रंग नंतर निवडता येत नाहीत.

२६ जानेवारी

साचा. खाली-वर ६० × ४० सेंटीमीटरच्या ६ मिलिमीटर जाड लोखंडी प्लेटा, मध्ये १२ मिलिमीटर चौकोनी पट्टीची चौकट, आतून टेफ्लॉन चढवलेलं काचकापड. तापवायला विजेची भट्टी, दाबायला भट्टीबाहेर लोखंडी चौकटीत बसवलेला ४ टनी जॅक. २०१३ साली डेव्ह हॅकेन्स यांनी सुरू केलेल्या ‘प्रेशस प्लॅस्टिक’ या उपक्रमाने अशा यंत्रांची रेखाचित्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांचं शीट-प्रेस मोठं आहे, मी फक्त कल्पना घेतली.

भरलेला साचा २५ किलोंच्या वर जातो आणि तो १९० अंशांवर बाहेर काढायचा असतो. हाताने उचलायचा विचार करू नये. भट्टीच्या तोंडापासून जॅकखालपर्यंत दोन एल अँगलचे रूळ टाकले आणि आकड्याने ओढायची सोय केली. खिडक्या उघड्या, बाहेर फेकणारा पंखा चालू. एचडीपीईचा धूर दिसला तर तापमान जास्त झालं असं समजावं. योग्य तापमानाला मेणासारखा हलका वास येतो, धूर येत नाही.

भट्टीच्या डायलवर विसंबता येत नाही. डायल १९० दाखवत असताना वरच्या कोपऱ्यात २२० होते. वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घेतला आणि त्याचं टोक चौकटीतल्या भोकातून थेट चुऱ्यात ठेवलं.

२८ जानेवारी

पहिली शीट. माल २.९ किलो.

थर्मोकपलने जे दाखवलं ते टिपून ठेवण्यासारखं आहे. तापमान १२५पर्यंत बऱ्यापैकी वेगात चढलं आणि मग १२८ ते १३२च्या मध्ये अडकून बसलं. भट्टी पूर्ण तापलेली, तरी मधला चुरा अर्धा-पाऊण तास तिथेच. हीच वितळण्याची वेळ. सगळी उष्णता वितळण्यात जाते. इथे घाई करून भट्टी वाढवली तर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. काटा १३२ सोडून पुन्हा चढायला लागला की मध्यही वितळला असं समजावं. मध्य १८०ला आल्यावर बाहेर काढलं, जॅक दाबला, वरची प्लेट चौकटीवर टेकली, जादा माल कडेने बाहेर आला.

थंड झाल्यावर शीट निघाली ती वरच्या अंगाला खड्ड्यांनी भरलेली. कापून पाहिली तर मधोमध पोकळ्या, काही करंगळीच्या नखाएवढ्या. आधी वाटलं ओलावा. पण त्याच चुऱ्याची मूठभर वडी वाटीत दाबून केली तर ती भरीव निघाली.

२ फेब्रुवारी

कारण सापडलं. थंड एचडीपीईची घनता ०.९५, पण १९० अंशांवरच्या वितळलेल्या मालाची ०.७६च्या जवळपास. म्हणजे वितळलेला माल गोठेपर्यंत त्याचं आकारमान साधारण पाचव्या हिश्श्याने घटतं. बारा मिलिमीटरची शीट हवी असेल तर गरम असताना आत पंधरा मिलिमीटर माल असायला हवा. माझ्या साच्यात वरची प्लेट चौकटीवर टेकली आणि तिथेच थांबली. जॅकचा सगळा दाब चौकटीने घेतला. आतला माल आक्रसत गेला, त्याच्यावर दाब उरलाच नाही, आणि जिथे माल कमी पडला तिथे पोकळी झाली.

म्हणून साचा बदलला. चौकट ४० मिलिमीटर उंच केली आणि वरची प्लेट चारही बाजूंनी एक-एक मिलिमीटर लहान करून चौकटीच्या आत उतरेल अशी केली. आता प्लेट मालावर टेकते, चौकटीवर नाही, आणि माल आक्रसेल तशी खाली येते. शीटची जाडी चौकटीवर ठरत नाही, मालाच्या वजनावर ठरते: ६० × ४० × १.२ सेंटीमीटरला २.७५ किलो. उंच चौकटीत सगळा चुरा एकदमच मावतो, हा आणखी एक फायदा.

जॅक एकदा दाबून सोडून द्यायचा नाही. पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी थोडा थोडा दाबत राहायचं, कारण त्याचा दांडा सैल पडत जातो. ४ टन म्हणजे या क्षेत्रफळावर चौरस सेंटीमीटरला सुमारे १.७ किलो. तेवढं पुरतं.

५ फेब्रुवारी

शीट भरीव निघाली. खड्डे नाहीत, पोकळ्या नाहीत. पण तिला बाक आला, मध्य आणि कडा यांत दीड सेंटीमीटरचा फरक.

खालची प्लेट जॅकच्या जाड लोखंडी बैठकीवर होती, ती लवकर निवली. वरचं अंग मागून गोठलं, मागून आक्रसलं आणि शीटला आपल्याकडे ओढलं. उपाय: खाली-वर सारख्या जाडीचा सिमेंट-बोर्ड, म्हणजे दोन्ही अंगांनी उष्णता सारखीच जाईल, आणि दाबाखाली ५० अंशांपर्यंत निवू द्यायचं. यात जवळजवळ चार तास जातात. पाण्याने निववायचा मोह होतो, पण त्याने वरची साल गोठते आणि आत ताण साठतो. मग शीट कापताना करवतीच्या मागे फट मिटत येते आणि पातं धरते.

बाक आलेली शीट वाया गेली नाही. तिचे तुकडे करून पुन्हा चुऱ्यात टाकले.

लांबीची नोंद: साचा ६०० मिलिमीटर, शीट ५८७. पुढची मापं घेताना दोन-अडीच टक्के धरून चालायचं.

वीज प्रत्येक शीटला चार युनिटच्या आसपास. प्लॅस्टिक वितळवायला पाऊण युनिटही लागत नाही. बाकीची सगळी लोखंड आणि भट्टीच्या भिंती तापवण्यात जाते. म्हणून एकच शीट काढायला भट्टी पेटवू नये. एक साचा जॅकखाली निवत असताना दुसरा भट्टीत असेल तर दुसऱ्या शीटला अडीच युनिट पुरतात.

९ फेब्रुवारी

बाटल्यांचा माल निम्मा घालून पाहिला. दिसायला शीट सुरेख, ठिपकेदार. पण कोपरा शिकंज्यात धरून वाकवला तर ठिपक्यांच्या कडेनेच फुटला.

बुचं साच्यात माल दाबून भरून बनवतात, म्हणून त्यांचं एचडीपीई पातळ वाहणारं असतं. बाटल्या फुगवून बनवतात. त्यांना वितळल्यावरही आकार धरून राहणारं, घट्ट एचडीपीई लागतं. नाव एकच, आकडाही २च, पण एक वाहतं आणि दुसरं जागचं हलत नाही. बाटलीचे कण एकमेकांना नुसते टेकले, एकजीव झाले नाहीत. बाटल्यांचा माल पाचव्या हिश्श्यावर आणला, मध्याचं तापमान १९५ केलं आणि त्या तापमानावर वीस मिनिटं जास्त ठेवलं. आता कोपरा वाकतो, पांढरा पडतो, फुटत नाही.

रंगाचं: वितळलेला माल कालवला तर सगळे रंग मिळून मळकट राखाडी होतं. न हलवता दाबला तर ठिपके ठिपक्यांसारखेच राहतात. माल मध्यावर ढीग करून ठेवला तर दाबताना तो बाहेर वाहतो आणि संगमरवरी रेघा येतात. स्टूलच्या बैठकीसाठी पांढऱ्यात निळ्या बुचांचा ढीग केला. मला स्वतःला ही शीट फार आवडली. रंग आत-बाहेर सारखाच असल्यामुळे ओरखडा आला तरी खालून दुसरं काही डोकावत नाही.

१६ फेब्रुवारी

कापणी. बारीक दातांचं पातं गरम होऊन माल वितळवतं आणि कापलेली फट मागे पुन्हा जुळते. मोठ्या, कमी दातांचं पातं लावलं, शीट न थांबता पुढे सरकवली. कडांना पॉलिश पेपर लावू नये, लव उठते. हाताचा रंधा उत्तम चालतो, लांब स्वच्छ साली निघतात.

करवतीचा भुसा विजेच्या भाराने अंगाला, भिंतींना, सगळ्याला चिकटतो. तो झाडून पाण्यावाटे सोडला तर शेवटी नदीतच जाणार. करवतीला व्हॅक्यूमची नळी बांधली आणि पिशवीतला भुसा चाळून पुढच्या शीटमध्ये टाकला.

२२ फेब्रुवारी

जोड. गोंद वापरायचा नव्हताच, तरी लोक हमखास विचारतात म्हणून एका तुकड्यावर इपॉक्सी लावून पाहिलं. सुकल्यावर अख्खा थर कागदासारखा सोलून निघाला. एचडीपीईचा पृष्ठभाग कशालाच धरत नाही. ज्या गुणामुळे त्याच्या बाटलीला काही चिकटत नाही तोच इथे आडवा येतो.

शीटच्या कडेत लाकडाचे स्क्रू मारून पाहिले. पहिल्या दिवशी घट्ट, आठवड्याने बोटांनी फिरले. सतत ताणाखाली एचडीपीई हळूहळू सरकतं आणि स्क्रूच्या आट्यांची पकड सुटते. शेवटी आरपार एम-६ (६ मिलिमीटर जाड) स्टेनलेस बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वायसर, आतून स्टीलचा एल अँगल. पाना लावला की वस्तू सुटी होते आणि लोखंड-प्लॅस्टिक वेगळं होतं, म्हणजे सुरुवातीची अटही सांभाळली जाते.

१ मार्च

स्टूल उभं राहिलं. दोन उभ्या बाजू ३८ × ४३ सेंटीमीटर, बैठक ३८ चौरस, बाजूंची वरची कड बैठकीच्या खालच्या ४ मिलिमीटर खाचेत बसवलेली. बसल्यावर ते बाजूला झुलत होतं. दोन्ही बाजूंच्या मध्ये १२ सेंटीमीटर रुंदीची आडवी पट्टी उभी धरून बोल्टने आवळली, झुलणं थांबलं. वजन पावणेसहा किलो. खालच्या अंगाला तापवलेल्या ठशाने ‘२ एचडीपीई’ उमटवलं. ज्याच्या हाती ते शेवटी पडेल त्याला अल्कोहोलची बरणी घेऊन बसावं लागू नये.

८ मार्च

फळी. ६० सेंटीमीटर लांब असावी म्हणून साचा लांबीत वाढवून घेतला. रुंदी २०, जाडी १.२. दोन टोकांना ब्रॅकेट, वर १२ किलो पुस्तकं. संध्याकाळपर्यंत मध्य १३ मिलिमीटर खाली गेला, आठवड्याच्या शेवटी २५.

शीटमध्ये दोष नव्हता. एचडीपीईचा ताठपणा १ गिगापास्कलच्या आसपास असतो, प्लायवुडचा त्याच्या सात-आठ पट. प्लायवुडची सवय असलेला माणूस डोळ्यांनी जी जाडी पुरेशी समजतो ती इथे पुरत नाही, आणि भार कायम असेल तर वाकणं वाढतच राहतं.

इथे काचतंतू मिसळायचा सल्ला मिळाला. एमेको कंपनीच्या २०१० सालच्या ‘१११ नेव्ही’ खुर्चीत हेच आहे: १११ पीईटी बाटल्यांचा माल आणि ताठपणासाठी काचतंतू. ती खुर्ची वर्षानुवर्षं टिकावी म्हणूनच घडवलेली आहे, त्यामुळे तिथे तो निर्णय समजतो. पण माझ्या साच्यात काच गेली की पुढची प्रत्येक शीट काचेची, कापताना काचेची धूळ, आणि तो माल साध्या एचडीपीईत परत मिसळता येणार नाही. माल तोच ठेवून आकार बदलायचा.

१५ मार्च

ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून तीच शीट उभी धरली की गणित उलटतं. ६० मिलिमीटर उंचीची एक उभी पट्टी संपूर्ण आडव्या फळीच्या साडेसात पट ताठ निघते. फळीखाली पुढे आणि मागे अशा दोन पट्ट्या लावल्या.

त्या बसवल्या गरम हवेच्या वेल्डिंगने, एचडीपीईच्याच पट्टीची सळई करून. एका टोकापासून सलग टाका मारत गेल्यावर निवताना पट्टी आत ओढली गेली. ते कापून काढलं आणि पुन्हा ५ सेंटीमीटरचे टाके, एक इकडे एक तिकडे, मधल्या जागा शेवटी भरल्या. सळईबरोबर खालचा मालही चकाकेपर्यंत वितळला पाहिजे. नुसती सळई वितळली तर टाका वरवर बसतो आणि बोटाने निघतो.

तोच १२ किलो भार: वाकणं मोजपट्टीवर १ मिलिमीटरच्या आत.

१२ एप्रिल

चार आठवडे भार ठेवून फळी २ मिलिमीटर वाकलेली, गेला आठवडा तिथेच स्थिर. स्टूल रोज वापरात आहे. बोल्ट एकदा पाव आटा आवळावे लागले, ते अपेक्षित होतं.

फळीतून दुपारी आणि पहाटे टकटक आवाज येत होता. एचडीपीई तापमानाने लाकडाच्या कितीतरी पट फुगतं: या लांबीला २० अंशांच्या फरकात जवळजवळ २ मिलिमीटर. दोन्ही टोकं गोल भोकांत घट्ट आवळली असल्यामुळे फळी अडखळत सरकत होती. एका टोकाची भोकं ८ मिलिमीटर लांबट केली, वायसरखाली आवळ थोडी सैल ठेवली. आवाज बंद. भिंतीवर प्लॅस्टिकची लांब वस्तू लावायची असेल तर हे सुरुवातीलाच करा. एक टोक पक्कं, दुसरं सरकतं.

फळी शेगडी, हीटर किंवा तापणाऱ्या दिव्याजवळ लावू नये. एचडीपीई पेटतं, आणि पेटल्यावर जळते थेंब खाली टाकतं. थेट उन्हाच्या खिडकीतही नको, रंगीत बुचांचा माल उन्हाने हळूहळू ठिसूळ होतो.

पुढचं काम टेबलाच्या वरच्या पाटाचं. ६० सेंटीमीटरच्या साच्यातून ते होणार नाही, म्हणून चार शीट एकमेकांना वेल्ड करायच्या की साचाच मोठा करायचा हे ठरवायचं आहे. आधी वेल्ड करून पाहणार, कारण २५ किलोंचा साचा रुळावरून ओढता येतो, १०० किलोंच्या साच्याला भट्टीसकट सगळंच नवं लागेल. पाटाखाली उभ्या पट्ट्यांची जाळी असेल आणि तिचा माल तयार आहे: पहिल्या पोकळ शीटचा, काचतंतूंचा सल्ला ज्या फळीपायी मिळाला तिच्या कापलेल्या कडांचा आणि व्हॅक्यूमच्या पिशवीतल्या भुशाचा. चाळून, वजन करून ठेवला, ३.१ किलो भरला.